सोमवारची नाडी

पहाटे खिडकी उघडली आणि वाऱ्यावर उकळत्या रसाचा वास आला, की माझा उजवा हात आपोआप डाव्या मनगटावर जातो. राजारामपुरीत आता इतकी दुकानं, दवाखाने आणि रिक्षा झाल्या आहेत, की गुऱ्हाळाचा वास इथवर पोचतो हे कुणाला पटत नाही. बायको म्हणते, तुम्हाला भास होतो. असेलही. पण मग हा भास दरवर्षी नेमका ऊसतोड सुरू झाल्यावरच कसा होतो, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. मी मनगट धरून बसतो, घड्याळाकडे बघतो, आणि एक मिनिट संपायच्या आत मोजणं सोडून देतो.

मी मुळातच संशयी माणूस. दूधवाल्याने माप भरून दिलं की मी दुधाकडे नाही, त्याच्या तोंडाकडे बघतो. त्यातून नोकरी मिळाली ती उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत टाइमकीपरची. गेटपाशी लाकडी फळी, फळीवर खिळे, खिळ्यांना कामगारांचे पितळी बिल्ले. आत शिरताना ज्याने-त्याने आपला बिल्ला काढून पेटीत टाकायचा, की हजेरी लागली. एकाने गैरहजर दुसऱ्याचा बिल्ला टाकला तर ते माझ्या नजरेतून सुटायचं नाही. कुणावर संशय आला तर मी दरडावत नसे. हजेरीवही पुढे ओढायची आणि मऊ आवाजात म्हणायचं, ‘माझीच नोंद चुकली असेल बाबा.’ समोरचा माणूस एवढ्यानेच विरघळायचा आणि खरं काय ते सांगून मोकळा व्हायचा. ही युक्ती माझी मीच शोधून काढली होती आणि तिचा मला अभिमानही होता.

तर त्या वर्षी मला कोल्हापूर ते गगनबावडा ही सायकलची शर्यत मारायची होती. आदल्या वर्षी मी उतरलो होतो, पण गगनबावड्याला पोचलो तेव्हा हार-तुरे संपून लोक भजी खात बसले होते. वय तिशीच्या पलीकडे गेलेलं, घरात चार वर्षांची मुलगी, आणि हाताशी वेळ म्हणजे पहाटे पाच ते साडेसहा. पुढे अंघोळ, डबा आणि साडेसातला गेट. दिवसभर दुसऱ्यांच्या येण्या-जाण्याच्या वेळा लिहिणाऱ्या माणसाला आपलीही एखादी वेळ कुणी लिहून ठेवावी असं वाटतं. मला ते फार वाटायचं. दीड तासच हातात आहे तर त्यातलं एक मिनिटही वाया घालवायचं नाही, रोज छाती फुटेस्तोवर सायकल मारायची, असा माझा हिशेब होता. महिनाभर तसं केलं आणि महिनाभरात माझा वेग तसूभरही वाढला नाही.

तेव्हा सायकल दुकानदाराने बापूंचं नाव सांगितलं. बापू गगनबावड्याच्या वाटेवर, कळे गावाच्या अलीकडच्या एका गावचे शेतकरी. तरुणपणी सायकलला दुधाच्या किटल्या लावून रोज कोल्हापूरला यायचे आणि आसपासच्या जत्रांतल्या शर्यती मारायचे. आता चार म्हशी, थोडा ऊस आणि स्वतःचं गुऱ्हाळ. शिकवतात चांगलं, पण शिकवत नाहीत, असं दुकानदार म्हणाला.

मी गेलो तेव्हा ते काहिलीपाशी उभे होते. रस उकळत होता, वाफेने छप्पर दिसत नव्हतं. दोनदा त्यांनी मला नाही म्हणून परत पाठवलं. तिसऱ्यांदा गेल्यावर बसा म्हणाले, रसाचा तांब्या हातात दिला आणि कारण सांगितलं. मागे गावातल्याच एका पोराला त्यांनी तयार केलं होतं. पोरगा दमलोय म्हणायचा नाही आणि बापू थांब म्हणायचे नाहीत. शेवटी पोराने अंथरूण धरलं, वर्षभर कामातून गेला. तेव्हापासून त्यांनी कुणाला शिकवलं नव्हतं. यंदा त्यांचा भाचा संभा मागे लागला होता, म्हणून त्याला घेतलं होतं. त्यात आता मी.

“पुन्हा एकादा पोरगा माज्या हातनं मोडला,” बापू म्हणाले, “तर ही विद्या मी काहिलीखाली जाळून टाकणार. म्हणून तुला ईचारतो. मी सांगतो ते करशील? आणि करशील ते खरं सांगशील?”

मी हो म्हणालो. टाइमकीपर आहे म्हटल्यावर ते हसले. मग तर काळजीच मिटली, असं काहीसं म्हणाले.

त्यांनी जो कार्यक्रम सांगितला तो ऐकून मला पहिला संशय आला. मंगळवार आणि गुरुवार जीव तोडून. रविवारी चारला उठून थोडं लांब. शनिवारी नुसते हातपाय मोकळे करायचे. बुधवारी आणि शुक्रवारी रस्त्यावर उसाची बैलगाडी दिसेल तिच्या मागे राहायचं, बैलाच्या चालीने, पुढे जायचं नाही. आणि सोमवारी सायकलला हातसुद्धा लावायचा नाही.

नेमका सोमवार. आमच्या फौंड्रीला सुट्टी सोमवारची. आठवड्यातला एकच दिवस, ज्या दिवशी मला घड्याळ बघावं लागत नसे, आणि तोच हा माणूस माझ्याकडून काढून घेत होता. मी म्हणालो, बापू, माझ्याकडे आधीच वेळ कमी आहे.

“येळ कमी हाय म्हणूनच की,” ते म्हणाले. “दिसभर गेटवर हुबा ऱ्हातोस, घरी संसार हाय, त्यो थकवा काय दुसऱ्याच्या अंगावर जातोय व्हय? सोमवारी आमी बैलाच्या मानंवर जू ठिवत न्हाई. महादेवाचा वार. तू बैलापरास मोठा लागून गेलास काय?”

मग त्यांनी नाडीचं सांगितलं. रोज सकाळी डोळे उघडले की अंथरुणातच पडून राहायचं, एक मिनिट नाडी मोजायची, वहीत लिहायची. रोजच्यापेक्षा पाच-सहा ठोके जास्त पडले तर समजायचं, आदल्या कामाचा शीण उतरलेला नाही. त्या दिवशी सायकल नाही. शनिवारी बापू गूळ घेऊन शाहूपुरीत अडत्याकडे यायचे, तेव्हा गेटवर थांबून वही बघणार आणि पुढच्या आठवड्याचं काम वहीवरून ठरवणार. माझी नाडी अठ्ठावन्न भरली. चांगली आहे म्हणाले.

बैलगाडीमागची ती सायकल मला आजही स्पष्ट दिसते. डिसेंबरची थंडी, रस्त्यावर उसाचा पाला पडलेला, पुढे शेंड्याच्या हिरव्या वाढ्यांसकट ऊस लादलेली गाडी, गाडीखाली हेलकावणारा कंदील. घुंगरांच्या नादात पायडल मारायचं म्हणजे सायकल उभी राहते की पडते अशी गत. गाडीवान दर थोड्या वेळाने मागे वळून बघायचा. त्याला वाटायचं, हा ऊस ओढून घेणार. एकदा तर त्याने मला स्वतःच एक कांडं काढून दिलं आणि आता जावा की पावणं, असं म्हणाला. आमच्या फौंड्रीत साचे भरणारे पहिल्या पाळीचे मोल्डर बाजूने भराभर सायकली मारत जायचे. टाइमकीपर बैलामागे येतोय म्हटल्यावर त्यांना दिवसभर पुरेल एवढं हसू व्हायचं. आज विचार करतो तर आयुष्यात इतक्या सावकाश मी दुसरा कुठलाच रस्ता पाहिलेला नाही. ओढ्यावरचं धुकं, कडेच्या शेतात ऊस तोडणाऱ्यांच्या कोयत्यांचा आवाज, चहाच्या टपरीतल्या रेडिओवरची भक्तिगीतं. पण तेव्हा मला त्यातलं काही दिसत नव्हतं. मला दिसायचा संभा.

संभा वीस-बावीसचा, काटक, मितभाषी. मामाकडे राहून गुऱ्हाळावर राबायचा. त्यालाही हाच कार्यक्रम दिला आहे, असं बापू सांगत. पण भाचा म्हणजे घरचा माणूस. मामा बाहेरच्याला पुढे काढेल आणि भाच्याला मागे ठेवेल, असं कुठे होतं काय? मला बैलामागे लावून हे दोघे सोमवारी काय करत असतील, या विचाराने माझी रात्रीची झोप उडायला लागली. फौंड्रीत मी असली प्रकरणं रोज बघत होतो. आराम करतो म्हणणारा माणूस कुठेतरी काहीतरी करतच असतो, असा माझा अनुभव होता.

शेवटी एका सोमवारी मी बायकोला म्हणालो, महादेवाला जाऊन येतो. सायकल काढली आणि बापूंचं गाव गाठलं. बापू कुठे दिसले नाहीत. गुऱ्हाळ थंड होतं, बैल चिंचेखाली रवंथ करत होते, आणि संभा उन्हात चिपाडाच्या ढिगावर तोंडावर टॉवेल टाकून गाढ झोपला होता. कुणी दुसरा असता तर एवढं बघून परत फिरला असता. मी मात्र त्याची सायकल शोधली. ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिला डावं पायडलच नव्हतं. मी टायरला हात लावून ओलसर माती दिसते का बघितलं, चेन चाचपली. पायडल तुटेपर्यंत सायकल मारल्याशिवाय दिवसाढवळ्या इतकी गाढ झोप लागत नाही, असा निवाडा मी तिथल्या तिथे करून टाकला. परतताना रागाने सायकल अशी मारली, की कोल्हापूरच्या वेशीवरचा फुलेवाडी नाका कधी आला कळलं नाही.

त्यानंतर माझा एकही सोमवार रिकामा गेला नाही. बापूंच्या गावाला वळसा घालून कळ्यापर्यंत जायचं आणि जीव खाऊन परत यायचं. घरात सांगायला महादेव होताच. येताना देवळाच्या ओट्यावर टेकून कपाळाला भस्म लावून यायचो.

पहिल्याच मंगळवारी नाडी सहासष्ट भरली. मी पुन्हा मोजली, पुन्हा सहासष्ट. वही उशाशी होती. पेन हातात धरून मी बराच वेळ पडून राहिलो. सहासष्ट लिहिलं की शनिवारी बापू कारण विचारणार, सोमवार बाहेर येणार, आणि मला काढून टाकून सगळं लक्ष भाच्याकडे देणार. मी अठ्ठावन्न लिहिलं. दुसऱ्याचा बिल्ला टाकणाऱ्या माणसाचा हात कसा थरथरतो, ते मी वर्षानुवर्षं बघत आलो होतो. माझा हात थरथरला नाही, हे मला आठवतं आणि अजून आवडत नाही.

शनिवारी बापू आले. धोतराला गुळाचे डाग, हातात पिशवी. गेटपाशी उकिडवे बसून वहीवरून बोट फिरवत त्यांनी आकडे वाचले. अठ्ठावन्न, एकोणसाठ, अठ्ठावन्न. त्यांचा चेहरा खुलला. बैल ताजा आहे म्हणाले. ताजा आहे तर आणखी थोडा भार सोसेल, म्हणून शुक्रवारची बैलगाडी काढून त्यांनी तिथेही जोराचं काम घातलं. त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी वाढवलं. संभाला मात्र इतकं दिलेलं नाही, त्याची नाडी वर जाते, असं त्यांनी आपणहून सांगितलं. मला वाटलं, हे मला फुगवायला सांगतायत.

जानेवारी लागला आणि माझ्या जेवणाची चव गेली. जिना चढताना मांड्या भरून यायच्या. रात्री अंग दुखून झोप यायची नाही आणि सकाळी गेटवर उभ्या उभ्या डोळे मिटायचे. एक दिवस मी हजर असलेल्या एका म्हाताऱ्या मोल्डरचा खाडा मांडला. तो वाद न घालता पेटीतला आपला बिल्ला दाखवून गेला, आणि मी मात्र दिवसभर त्याच्यावर नजर ठेवून होतो. घरी मुलगी गाणं म्हणायला लागली तरी मी खेकसायचो. बायको, म्हणजे सुमन, शांतपणे सगळं बघत होती. एका सोमवारी माझा घामाने कडक झालेला बनियन हातात धरून तिने विचारलं, “महादेवाला तुम्ही जाता ते सायकलवरनं की धावत?” मी बनियन तिच्या हातातून घेऊन बादलीत टाकला. तिने ते कुणा बाईपाशी नेऊन जोडलं असेल, असंही माझ्या मनात येऊन गेलं. संशय सगळ्यांना येतो, मलाच येतो असं नाही, याचं उगाच बरं वाटलं.

शर्यतीच्या दिवशी नाडी मी मोजलीच नाही. मोजली असती तरी लिहिणार काय होतो?

फुलेवाडी नाक्यावर पस्तीस-चाळीस सायकली लागल्या होत्या. कुणी मडगार्ड काढलेले, कुणी कॅरिअर. संभा माझ्या शेजारी उभा होता. थंडीने हात चोळत त्याने सहज बोलता बोलता सांगितलं, की मामाने यंदा दर रविवारी संध्याकाळी त्याच्या सायकलचं डावं पायडल काढून कुलपात ठेवलं. “माज्यावर भरवसा न्हाई त्यांचा. सोमवारी निसटून जाईन म्हणत्यात.” चिपाडावरची ती झोप खरी होती तर. पण संशयी माणसाचं डोकं कसं चालतं बघा. पुढच्याच क्षणी मला वाटलं, मग माझ्या सायकलचं पायडल का नाही काढलं? मी मेलो काय आणि जगलो काय, यांना त्याचं काहीच नाही. तेवढ्यात शिट्टी झाली.

कळ्यापर्यंत मी पहिल्या पाचांत होतो. साळवणच्या पुढे रस्ता चढाला लागला आणि पाय माझे राहिले नाहीत. दम लागला नव्हता, दुखत नव्हतं, नुसतं आतलं सगळं विझलं. संभा बाजूने गेला तेव्हा त्याने मागे वळून काहीतरी विचारलं. त्यानंतर मैलाचा दगड जवळ आलेला आठवतो. दगडाला धरून मी खाली बसलो, आणि डोळ्यांपुढे जे काळं झालं ते शर्यतीमागून येणाऱ्या जीपमध्ये घातल्यावरच थोडं निवळलं.

गगनबावड्याला एका शाळेच्या व्हरांड्यात मला घोंगड्यावर निजवलं होतं. संभा तिसरा आला होता. बाहेर हलग्या वाजत होत्या, पण बापू तिकडे गेले नव्हते. माझं मनगट धरून बसले होते. मग त्यांनी माझ्या पिशवीतून वही काढली आणि पहिल्या पानापासून एकेक पान उलटायला लागले. धुकं व्हरांड्यात शिरत होतं, त्यात वही डोळ्यांजवळ धरून ते आकडे वाचत होते.

“आकडं तर सगळं बराबर हायती,” शेवटी ते म्हणाले. “म्हंजे माजंच चुकलं. मीच ताणलं तुला.”

हेच वाक्य. जवळजवळ हेच वाक्य मी फौंड्रीच्या गेटवर कितीदा उच्चारलं होतं. म्हातारा माझीच युक्ती माझ्यावर चालवतोय, त्याला सगळं ठाऊक आहे, माझ्या तोंडून काढून घ्यायला बसलाय, अशी माझी खात्री झाली. मी तोंड भिंतीकडे वळवलं आणि डोळे मिटून घेतले. बापू बराच वेळ बसून होते. त्यांचा हात माझ्या कपाळावर होता आणि तो हात खोटा नाही, हे समजण्याइतकी अक्कल मला त्या वेळी नव्हती.

डॉक्टरांनी दोन महिने सक्तीची विश्रांती सांगितली. त्या दोन महिन्यांत एकदा बापू राजारामपुरीत घरी आले. गुळाची ढेप सुमनपुढे ठेवली आणि हात जोडले. पोरी, तुझ्या कुंकवाला मी धक्का लावत होतो, असं म्हणाले. सुमनला सगळं कळलेलं होतं, गगनबावड्याहून आल्यावर तिने ते माझ्याकडून काढून घेतलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं. मी सांगेन म्हणून वाट बघितली. मी चहा ढवळत राहिलो. बापू गेल्यावर ती एवढंच म्हणाली, की यापेक्षा एखादी बाई असती तरी मला परवडलं असतं.

बापूंनी शब्द पाळला. त्या वर्षापासून त्यांनी कुणाला शिकवलं नाही, संभालाही नाही. तिसरा आलेला तो पोरगा पुढच्या वर्षी पहिला आला असता. मामा शिकवत नाही म्हटल्यावर त्याने सायकल विकली आणि इचलकरंजीला मागावर कामाला गेला. एकदा तिथल्या स्टँडवर भेटला. खोकत होता, पण हसून बोलला. मामाचं चुकलं नाही दादा, तुमचं नशीब खोटं, असं म्हणाला. मी त्याला चहा पाजला आणि निघालो.

दहा-अकरा हंगाम असेच गेले. दरवर्षी वास यायचा, दरवर्षी हात मनगटावर जायचा. तेव्हा ज्या बैलगाडीमागे राहायचा कंटाळा यायचा, तसली एखादी वाटेत दिसली की आता मी आपणहून तिच्यामागे सायकल सावकाश चालवत कामावर जायचो. त्या चालीत माणसाला खूप आठवतं. अखेर गेल्या हंगामात एका सोमवारी मी बसने बापूंच्या गावी गेलो. बापूंना सगळं ठाऊक असावं, हा संशय फिटला होता असं नाही. त्याचं ओझं पेलवेना म्हणून गेलो.

बापू खूप थकले होते. गुऱ्हाळ आता मुलगा बघायचा. ते उन्हात बाजल्यावर बसले होते. मी पायाशी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. महादेवाचं खोटं नाव, कळ्यापर्यंतच्या चकरा, सहासष्टचं अठ्ठावन्न. एकही गोष्ट ठेवली नाही. चूक तुमची नव्हती बापू, तुमचं गणित बरोबर होतं, आकडे माझे खोटे होते, असं मी दोनदा म्हणालो.

ते ऐकत होते. मग त्यांचे डोळे हळूहळू पाण्याने भरले, आणि मला वाटलं, आता शिवी देतील. दिली असती तर मी सुटलो असतो.

“लई गुणाचा हाईस,” ते म्हणाले, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. “म्हाताऱ्याचं मन हलकं व्हावं म्हणून एवढं खोटं जुळवून आलास. माज्या ध्यानात येत न्हाई व्हय?”

मी पुन्हा सांगायला गेलो. त्यांनी मान हलवली. तू आणि खोटं लिहिशील, हे मला कुणी सांगून पटणार नाही, असं म्हणाले, आणि सुनेला हाक मारून माझ्यासाठी रस आणायला सांगितला.

मी रस प्यालो. जन्मभर मी दिसेल त्याच्यावर संशय घेत आलो. त्या उन्हात, त्या बाजल्यापाशी बसून मी मनातल्या मनात एकच मागत होतो, की या माणसाने माझ्यावर थोडा तरी संशय घ्यावा. त्यांनी घेतला नाही.